जाळीच्या अलीकडे

गॅस एजन्सीचा रविकांत शेगडीची नळी बदलायला आला होता. काम आटोपत आले तेव्हा त्याने विचारले, "बाई, घरात आनखी कोन हाय? कॉक कसा बंद करायचा ते दोघांनाबी दाखवून ठेवतो." कुमुदिनीबाई म्हणाल्या, "मुलगी आहे. आत प्रार्थनेला बसली आहे."

उत्तर इतक्या सहजपणे मुखातून निघाले, की ते असत्य असल्याचे त्यांना रविकांतच्या वागण्यात पडलेल्या फरकावरून उमगले. त्याने पाना ओट्यावर ठेवण्याआधी खाली फडके अंथरले. पुढचे सारे तो हळू आवाजात बोलला. नळीवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहतानाही श्वास रोखून राहिला. निघताना बंद खोलीच्या दाराकडे त्याने आदराने पाहिले आणि कुजबुजत विचारले, "मंग तुमी काऊन नाही बसत त्याइच्यासंगं?" चपला हातात घेऊन तो पायऱ्या उतरला, आणि फाटकाची कडी बोटाने धरून, वाजू न देता, लावून गेला.

तो गेल्यावर घर त्याने करून ठेवले होते तसेच राहिले. कुमुदिनीबाईंनी भांडे ठेवले ते अलगद, नळ सोडला तो धार बारीक करून. आणि पाण्याचा पेला ओठांशी नेताना त्यांच्या ध्यानी आले, की आपण कोणाची तरी तंद्री मोडू नये म्हणून जपतो आहोत. बंद खोलीत त्यांच्या पतीची, सुधाकररावांची, आरामखुर्ची होती, घडी घातलेल्या सतरंज्या होत्या, आणि कुमुदिनीबाईंनी निवृत्तीनंतरही टाकून न दिलेल्या संस्कृतच्या पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे होते. हे त्यांना ठाऊक होते. तरीही दार उघडण्याचे धैर्य होईना. दार उघडले असते तर आतले कोणीतरी उठून गेले असते. गेल्या आषाढात सुधाकरराव वारले तेव्हापासून या घरात शांतता पुष्कळ होती, परंतु तिच्यात वस्ती नव्हती. आज वस्ती आली होती. दुपारभर कुमुदिनीबाई त्या सुखात वावरल्या. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावताना मात्र, एकटे राहून राहून माणसाचे असे होत असावे, असे त्यांच्या मनात आले. आज नळीवाल्याला सांगितले, उद्या दूधवाल्याला सांगू. परवा आपण स्वतःच त्या दाराशी चहाचा कप घेऊन उभ्या राहू. विचार करता करता एक गोष्ट निश्चित झाली. ईस्टरनंतर, ऐन चैत्रात, मठात गेलेल्या अदितीची अखेरची व्रते होती; ती घेतली की परतणे नव्हते. त्याआधी जायचे आणि मुलीला घरी आणायचे. तिला सांगायचे, की मी एकटी आहे, आता चल. आईने एवढे म्हणावे यात अन्याय कोणता?

आदिलाबादहून निर्मलकडे जाणाऱ्या बसमध्ये त्यांना खिडकीची जागा मिळाली. शेजारी जयवंताबाई नावाची सीमेकडच्या खेड्यातली बाई बसली. मांडीवर ज्वारीच्या पिठाची पिशवी. लेकीकडे जाऊन राह्यली, असे तिने न विचारताच सांगितले, आणि कुमुदिनीबाईही लेकीकडेच निघाल्या आहेत हे काढून घेतले. मग लेक कोणत्या गावाला दिली, हा प्रश्न आला. दिलेली नाही, ती ख्रिस्ती मठात आहे, तिथल्या बायका भिंतीबाहेर येत नाहीत, दिवसातला पुष्कळ वेळ गप्प बसून प्रार्थना करतात, असे कुमुदिनीबाईंनी सांगितले. जयवंताबाईने बराच वेळ खिडकीबाहेरच्या उपटलेल्या पऱ्हाट्यांच्या ढिगांकडे पाहिले.

"मंग तिथली सासू कशी हाय?"

"बरी असावी," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

"बोलू देते का पोरीले?"

"फारसं नाही."

"मंग सासूच हाय ते," असा निवाडा करून जयवंताबाई लेकीच्या गावाच्या फाट्यावर उतरून गेली. कुमुदिनीबाईंना हसू फुटले. कित्येक महिन्यांत त्या अशा हसल्या नव्हत्या. आणि हसू ओसरले तसे त्याच्या तळाशी काय होते ते वर आले.

अदिती मंचेरियलला कोळशाच्या कंपनीत हिशेबाच्या कामावर होती. वसाहतीच्या टोकाला एक लहानसे चर्च होते, तिथे संध्याकाळी ती जाऊन बसे. पहिल्यांदा तिने सांगितले तेव्हा कारण साधे होते: तिथे पंखा नाही, टीव्ही नाही, कोणी काही विचारत नाही. पुढे ती बाप्तिस्मा घेण्याविषयी बोलली, आणि त्यानंतर बऱ्याच काळाने या मठाविषयी. घरात आरडाओरडा झाला नाही. सुधाकरराव तहसील कचेरीत हयात घालवलेले, पिढ्यान्‌पिढ्या निजामाच्या दप्तरात लेखण्या झिजवलेल्या घराण्यातले. शब्द तोलून टाकणारे. ते एवढेच म्हणाले, की आपल्याकडे संन्यासाला आईची अनुज्ञा लागते. त्यांच्याकडे लागत नसेल, पण मुलगी आपल्याकडची आहे. मग दोघेही कुमुदिनीबाईंकडे पाहू लागली. कुमुदिनीबाई उठून आमटीला फोडणी द्यायला गेल्या. त्यांनी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. अनुज्ञा त्या फोडणीच्या धुरात राहून गेली, आणि मुलगी तिच्यावाचूनच गेली.

जाण्यापूर्वी एकदा त्यांनी विचारले होते, की तुम्ही तासन्‌तास करता तरी काय? जप असतो का? ध्यानासाठी काही मूर्ती, काही बीज, काही क्रम? इंटरमीजिएटच्या वर्गांना त्यांनी आयुष्यभर संस्कृत शिकवले होते. मुले गुणांसाठी संस्कृत घेत आणि उत्तरे तेलुगूत लिहीत, परंतु त्यांच्या स्वतःच्या मनात उपासनेच्या पायऱ्या नीट रचलेल्या होत्या. अदिती विचार करून म्हणाली होती, "आई, मी तापानं पडले की तू उशाशी बसायचीस. औषध देऊन झालेलं असायचं. बोलायला काही नसायचं. तरी उठायची नाहीस. तसं काहीसं आहे."

"त्यात आजारी कोण?" कुमुदिनीबाईंनी विचारले होते.

अदिती हसली होती. "ते अजून मला कळलेलं नाही."

बोथचा फाटा ओलांडल्यावर सागाची झाडी लागते. तिथे पळस पानांवाचून पेटले होते. उतरून आत चालत गेले की भिंत. उंच, चुन्याने नुकतीच रंगवलेली. अदिती म्हणजे जिला बंधन नाही ती, ही व्युत्पत्ती त्यांनीच वर्गावर्गांतून सांगितली होती. त्यांच्या अदितीने ही भिंत पसंत केली. दारावर बाहेरच्या जगाशी व्यवहार पाहणारी एक मल्याळी सिस्टर होती, मोडक्या हिंदीत बोलणारी. अदितीला भेटायचे आहे, असे म्हटल्यावर तिला क्षणभर उलगडेना. मग तिचा चेहरा उजळला: सिस्टर करुणाच्या आई! कुमुदिनीबाईंनी पिशवीतून डबा काढून दिला. मागे फोनवर याच सिस्टरने उपवासकाळ चालू असल्याचे सांगितले होते. तेव्हा भेटीला याहून चांगला योग नाही, अशा समजुतीने त्यांनी उपवासाला चालणारे राजगिऱ्याचे लाडू केले होते. सिस्टरने डबा उघडला, वास घेतला, आणि अतिशय अवघडून सांगितले, की या दिवसांत आम्ही गोड सोडलेले असते, आणि भेटीसुद्धा. उपवासाला देवदर्शनाची दारे बंद होतात हे कुमुदिनीबाईंना नवीन होते. त्या तिथेच बाकावर बसल्या. सिस्टरने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि मठप्रमुख मदरना विचारून येते, असे म्हणाली. पण आता मौनप्रार्थनेची वेळ झाली आहे, ती सुटेपर्यंत मदरनाही बोलता येणार नाही. तोवर प्रार्थनामंदिरात बसावे.

प्रार्थनामंदिर लहान होते. बाहेरच्यांसाठी थोडे बाक. त्यांच्यावर त्या एकट्या. समोरच्या भिंतीत एक पितळी पेटी, तिच्या शेजारी तांबड्या काचेतला दिवा. त्या पेटीत यांचा देव भाकरीच्या रूपाने असतो, हे अदितीने सांगितलेले त्यांना आठवत होते. उजव्या अंगाला भिंत नव्हती, जाळी होती, आणि जाळीवर आतून गडद पडदा. पडद्यामागे वस्त्रांची सळसळ झाली, गुडघे टेकल्याचे, बाकडी सरकल्याचे आवाज आले, आणि थांबले. आता गायन सुरू होईल, म्हणून त्या वाट पाहू लागल्या. काही सुरू झाले नाही. हेच ते, असे मग त्यांना कळले. हेच करायला ती घर सोडून आली. त्यांनी मनात एक स्तोत्र आरंभले. शब्द आले, एकामागून एक, बिनचूक, ओझे नसलेल्या गाडीच्या सवयीच्या बैलांसारखे. रस्ता त्यांना पाठ होता आणि गाडीत कोणी नव्हते. सुधाकरराव गेल्यापासून असेच होत होते. त्यांनी स्तोत्र मध्येच सोडले. मग जाळीपाशी बोलायची वाक्ये त्या जुळवू लागल्या. आधी रक्तदाबाचे सांगायचे, मग रिकाम्या घराचे, मग ते एक वाक्य. त्या वाक्याच्या मागे आणखी एक उभे होते, ते बोलायचे नव्हते. परंतु या शांततेत तेच पुढे सरकले. वडील गेले तेव्हा तू आली नाहीस. मठाचा नियम होता, मान्य. फोनवर मात्र तू म्हणालीस, "आई, मी बसून आहे." घरात प्रेत, पायऱ्यांवर माणसे, तोंडात तुळशीपत्र कोणी ठेवायचे याची घाई, आणि मुलगी म्हणते, मी बसून आहे. कुमुदिनीबाईंनी फोन ठेवून दिला होता. त्या शब्दाचा राग त्यांच्या छातीत आजही ऊन होता.

आत कोणीतरी खोकले. कोरडा, आखडता घेतलेला खोकला. अदितीचा? त्यांनी कान दिला. लहानपणी शेजारच्या खोलीतून, झोपेतसुद्धा, त्या तिचा खोकला ओळखत. अंगावरचे पांघरूण सरकल्याचेही त्यांना कळत असे. आता ओळख पटेना. पुन्हा खोकला आला, आणि तो दुसरीचाच असावा असे वाटले. कोणत्या वर्षी, कोणत्या दिवशी ती ओळख हातची गेली, ते सांगता आले नसते. आणि मग पडद्यामागे कोणीतरी रडू लागले.

मोठ्याने नव्हे. तोंडावर हात दाबून, श्वास तोडत तोडत, जसे रडणे इतरांना ऐकू जाऊ नये म्हणून माणूस करतो तसे. कुमुदिनीबाई अर्ध्या उठल्या. बाकाच्या पाठीवर त्यांचा हात घट्ट आवळला गेला. आता कोणीतरी तिच्याजवळ जाईल, पाठीवर हात ठेवील, पाणी देईल. कोणी हालले नाही. पडद्यामागे इतकी माणसे होती आणि वस्त्रसुद्धा सळसळले नाही. या दगडी बायकांविषयी त्यांना तिरस्कार वाटला. पुढच्याच क्षणी भय वाटले, की ही माझी असेल तर? जाळीपर्यंत चार पावले होती, आणि त्यापुढे लोखंड होते. हाक मारावी तर कोणत्या नावाने? आणि नसली माझी, तर ती दुसऱ्या कोणाची असेल. कुठे दूर तिची आई या वेळी तांदूळ निवडत असेल, तिला गंधही नसेल. आपली असेल तर उठायचे आणि परक्याची असेल तर निवांत बसायचे, हे त्यांना जमेना. त्या बसल्या. कान, डोळे, हात, सगळे त्या रडण्याकडे लागून राहिले. रडणे ओसरे, पुन्हा उमळून येई. पितळी पेटीत कोणी आहे असे त्यांना वाटले नाही. नाही असेही वाटले नाही. तो प्रश्न त्या वेळी मनात नव्हताच. मनात स्तोत्र नव्हते, वाक्ये नव्हती, सुधाकरराव नव्हते. रक्तदाबही नव्हता. कोण रडते आहे हे ठाऊक नसलेल्या एका माणसापाशी त्या बसून होत्या, आणि त्याचे रडणे थांबेपर्यंत, व थांबल्यावरही, त्यांना उठावेसे वाटले नाही. घंटा झाली तेव्हा त्या दचकल्या. काचेतला दिवा तसाच होता. खिडकीतले ऊन मात्र बाकांवरून भिंतीवर गेले होते.

मदरनी थोडा वेळ भेटीची परवानगी दिली. भेटीच्या खोलीतही जाळीच होती. आतून पडदा सरला आणि लोखंडी चौकटींच्या तुकड्यांतुकड्यांतून अदिती दिसली. पांढरे शिरोवस्त्र, गाल बसलेले, मागून उजेड येत असल्याने डोळे नीट दिसेनात. आईच्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी झाली. ईशानची, म्हणजे तिच्या भावाची, हैदराबादहून बदली होते आहे का, ते झाले. नळी बदलल्याचे कुमुदिनीबाईंनी सांगितले. रविकांतला काय सांगितले ते सांगितले नाही. मग बोलणे संपले, आणि त्यांनी विचारले,

"रडत होतीस ती तू?"

"कोण रडतं ते आम्ही एकमेकींना विचारत नाही, आई. पण कोणी उठूनही जात नाही."

"मी तुमच्यातली नाही. मी विचारते."

अदिती म्हणाली, "तू घरी चल म्हणायला आलीस ना?"

"हो."

अदितीने जाळीवर बोटे ठेवली आणि खाली पाहत, जणू दुसऱ्या कोणाची हकिकत सांगावी तसे, सांगत गेली. बाबा गेले त्या दिवशी ती फोन ठेवून प्रार्थनेला बसली ती उठली नाही. त्यांच्यासाठी दुसरे काही करता येणार नव्हते. त्या दिवसापासून पलीकडे कोणी नाही. पूर्वी गप्प बसले की आपल्याआधी कोणीतरी येऊन बसलेले आहे, असे वाटायचे. आता खोली रिकामी असते. मदरना सांगितले, पापनिवेदन ऐकणाऱ्या फादरना सांगितले. ते म्हणतात, ही वाट अशीच जाते, पुष्कळांची गेली आहे, बसत राहा. "ते खरंही असेल. पण मी प्रार्थना करते की नुसती बसते, ते मला कळेनासं झालंय. तू मागं म्हणाली असतीस तर मी आले नसते. आज म्हणालीस तर येईन. म्हणून, म्हणायचं असेल तर म्हण."

वाक्य कुमुदिनीबाईंच्या जिभेवर तयार होते. त्यासाठीच त्या आल्या होत्या, आणि समोरचे दार, एवढ्या वर्षांत प्रथमच, आतून उघडले गेले होते. त्यांना बंद खोली दिसली, उघडी; तिथे अदिती, सतरंजीवर; ओट्यावर दोघींचा स्वयंपाक; संध्याकाळी दिवा लावताना पाठीमागे कोणीतरी वावरत असल्याचा आवाज. किती साधे होते. आणि त्यांना हेही दिसले, की ती खोलीत बसलेली असेल आणि तिचे तोंड भिंतीकडे असेल. आपण दारात चहाचा कप घेऊन उभ्या असू, आणि दोघींपैकी कोणीही दुसरीला विचारणार नाही, की तुला इथे कोणी भेटले का. आपले एकटेपण भरायला आपण तिचे रितेपण घरी नेतो आहोत. आषाढात तिला कोणी नव्हते. त्या दिवशी आपण फोन ठेवला होता. त्यांना रागाची ऊब शोधून सापडेना. जाळीवरच्या बोटांची नखे मातीने काळी होती. मठाच्या बागेत काम करत असावी.

"आज नाही म्हणत," त्या म्हणाल्या.

"काऊन?"

हा आदिलाबादच्या गल्लीतला शब्द तिच्या तोंडून कित्येक वर्षांनी आला.

"तू दमली आहेस. दमलेल्या माणसाकडून होकार घेऊ नये. तुझे बाबा कचेरीत शेतीच्या वाटणीचा फैसला करताना संध्याकाळी अंगठा घेत नसत. म्हणायचे, झोपून या, भाकर खाऊन या, मग बोला."

"आणि व्रतांच्या दिवशीही असंच असलं तर?"

"त्या दिवशी मी येते. असंच असलं तर माझ्याकडे बघ. तेव्हा म्हणेन, सगळ्यांच्या देखत. आणि नसलं, तरी मी असेन तिथं."

अदितीने कपाळ जाळीला टेकले. भेटीचा वेळ अजून उरला होता. तो दोघींनी बोलण्यात घालवला नाही.

बाहेर दारावरच्या सिस्टरने त्यांना पाणी दिले आणि अडखळत एक गोष्ट विचारली. व्रतांच्या दिवशी सिस्टरच्या डोक्यावर फुलांचा मुकुट घालतात. माहेरचे कोणी असेल तर तो माहेरून येतो. करुणाचा आम्हीच बागेतल्या फुलांचा करणार होतो, कोणी येईल असे वाटले नव्हते. तुमच्याकडे कोणते फूल फुलते? मोगरा, असे कुमुदिनीबाई म्हणून गेल्या, आणि रस्त्यापर्यंत चालत येता येता त्या मोगऱ्याच्याच हिशेबात गढल्या. चैत्रातले ऊन म्हणजे उमललेली फुले वाटेतच तांबूस पडणार. कळ्या मिटलेल्या असतानाच खुडायच्या. प्लास्टिकमध्ये घालायच्या नाहीत, घामेजतात. केळीच्या पानात, वरून ओले फडके. पहाटेची पहिली बस, आणि उन्हाच्या बाजूची जागा घ्यायची नाही. गुंफायचा सैल, कानशिलांना रुतायला नको. पण इतका सैलही नको, की वाकून नमस्कार करताना घसरेल. आदिलाबादची बस वळणावर दिसू लागली होती. कुमुदिनीबाईंनी हात वर केला आणि खाली घेतला. बस धूळ उडवीत निघून गेली. त्या मागे वळल्या आणि पुन्हा त्या भिंतीपाशी आल्या.

माप हवे होते. सिस्टर आत निरोप देऊन आली. दाराशेजारी भिंतीत बसवलेले एक गोल लाकडी कपाट होते. आतले माणूस न दिसता वस्तू बाहेर यावी म्हणून ते स्वतःभोवती फिरे. बऱ्याच वेळाने ते करकरत फिरले. आत पांढरा दोरा होता, डोक्याभोवती गुंडाळून तोडलेला. कुमुदिनीबाईंनी तो दोन्ही हातांत ताणून धरला. दोरा त्यांच्या अदमासापेक्षा बराच आखूड होता. मापात काही चूक झाली, असे त्या सिस्टरला म्हणणार होत्या. तोच त्यांच्या लक्षात आले, की शिरोवस्त्राखाली आता वेणी नाही. ती जाड, गुंतलेली, रोज सकाळी त्यांच्या गुडघ्यांमध्ये डोके धरून विंचरावी लागणारी. हे एवढेच डोके होते.

त्यांनी दोरा पदराच्या टोकात बांधला, गाठ दातांनी आवळली, आणि पुढची बस येईपर्यंत पळसाखाली उभ्या राहिल्या.